दीड मिलीमीटरचा पत्रा आणि आमचे भाऊजी

सन्माननीय अध्यक्षा मालकीणबाई, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, नव्या इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे धाकटे दीर, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे पत्र्याच्या पेट्यांवर बसलेल्या माझ्या कामकरी मंडळींनो,

मला लिहितावाचता येत नाही. आज सकाळी मी सांगत गेले, नातीनं उतरवून घेतलं. ती कागद धरून शेजारी उभी आहे, मी भरकटले तर कोपर मारायला.

मघापासून तिघांनी सांगितलं, पातळ अॅल्युमिनियम जोडावं तर भाऊजींनीच. खरं आहे. पण हा हात बसला कसा, ते कुणी सांगितलं का? सांगणार कोण? भाऊजी सोडले तर तेव्हाची मी एकटीच उरले इथं.

सव्वीस वर्षांपूर्वी कारखान्यात होडीचं पहिलं काम आलं. दीड मिलीमीटरचा पत्रा. भाऊजी तेव्हा लोखंडाचे वेल्डर. लोखंड कसं, आधी लाल होतं, मग मऊ होतं, सांगूनसवरून वितळतं. अॅल्युमिनियमला ती रीत नाही, ते रंगच बदलत नाही. भाऊजी आपले गॅसची ज्योत धरून लाल व्हायची वाट बघत बसले, आणि पत्रा चकचकीत दिसता दिसता गळून पडला. एक भोक, दुसरं भोक, चार पत्र्यांची चाळणी. मी पलीकडच्या टेबलावर पेट्यांच्या जोडांत रिव्हेटचे खिळे ठोकत होते. न राहवून म्हटलं, "भाऊजी, होडी करताय की झारी?"

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मोठे मालक, म्हणजे अध्यक्षाबाईंचे वडील, कधी आवाज चढवायचे नाहीत. तसेच हळू म्हणाले, "शनिवारी होडी तळ्यावर तरली नाही तर हे काम बाहेर जाईल. मग तुम्हीही दुसरीकडे बघा." घरात दोन लहान मुलं, जाऊबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेलेले. भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता.

ज्योत बाजूला ठेवून ते रिव्हेटकडे वळले. पण वहिनीला विचारतील? छे! एका टोकापासून ठोकत निघाले. अहो, पातळ पत्रा प्रत्येक घावाला केसभर सरकतो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरचं भोक एकीकडे, खालचं भलतीकडे, आणि मध्ये पत्र्याला पोट सुटलेलं. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात आले, उगाच दोन पेले पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पेटीला रिव्हेट कुठून मारायला घेतात म्हणे?"

"कोण विचारतंय?"

"मीच विचारतोय, वहिनी."

"मधून घ्यायचं. मग एक इकडे, एक तिकडे. आणि दोन पत्र्यांच्या मध्ये डांबरात भिजवलेली कापडाची पट्टी, नाहीतर पाणी वाट काढतंच."

शुक्रवारचा अख्खा दिवस मी होडीच्या आत. मी आतून रिव्हेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा लावून धरायची, ते बाहेरून शेपूट ठोकायचे. मध्ये पत्रा, तोंडं दिसायची नाहीत. "ठोकळा हलला, वहिनी!" "हात हलला तुमचा, भाऊजी!" कानठळ्या बसल्या, पण रांग सरळ गेली.

इथली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. जोडणी ज्याची, त्याचं नाव आतल्या बाजूला ठशांनी ठोकायचं, म्हणजे गळती लागली तर कुणाला बोलवायचं ते कळतं. शनिवारी सकाळी भाऊजी ठसे ठोकत होते. मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"माझं नाव. आणखी कुणाचं?"

मी मान डोलावली. अक्षरांच्या बाबतीत मला कुणीही फसवावं.

होडी तरली, भाऊजी राहिले, आणि पुढच्या होड्या तर तुम्हीच केल्यात. ती पहिली सत्कारासाठी दाराशी आणून ठेवली आहे. काल नात तिच्यात शिरली आणि आतून ओरडली, "आजी, इथं 'वहिनी' लिहिलंय!"

खोटं कशाला बोलू, हुरळून गेले. पण घटकाभरच. मग डोकं चालायला लागलं. नाव ठोकलं तेव्हा होडी पाण्यात उतरली तरी होती का? बुडाली असती तर बोलावणं मला आलं असतं! तशीच उठले आणि भाऊजींना गाठलं. म्हटलं, "खरं सांगा, मान दिलात की गळ्यात मारलंत?"

भाऊजी आपले शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी होडीत बसून तळ्याच्या मध्यापर्यंत कोण गेलं होतं?"

"तुम्ही."

"आणि मला पोहता येतं?"

नाही हो येत. अजूनही नाही येत.

मंडळी, नातीचं कोपर लागलं. अध्यक्षाबाईंनी मला बोलू दिलं, तुम्ही पेट्यांवर अवघडून का होईना बसून ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाला कुठं टोचलं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. भाऊजींची मात्र माफी मागत नाही. त्यांना टोचायलाच तर उभी राहिले होते.