बाबांच्या बाजूचं दार

हॅलो? … हो, आई, मीच. मशीन बंद केलंय, येतंय ऐकू. बोल.

… अगं हो, आले बाबा. अकराला आले, टॅक्सीने. … नाही, भांडण नाही झालं. … खरंच नाही. मावशी आहे का जवळ? तिला म्हणावं, आधी आईला पाणी दे.

… हो, बघितली गाडी. सगळी बघितली. … थांब ना, पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस. … बरं, बोल, पण कमी.

मी वर्कशॉपचं शटर अर्धंच वर केलं होतं. म्हटलं, एकदम उजेडात नको. आत आले, काठी भिंतीला टेकवली आणि उभेच. … नुसते गाडीकडे बघत. दहा मिनिटं. … अगं, घड्याळ बघत होते मी. रोज फायबरच्या टाक्या नि होड्या करते, कुणी माझ्या कामाकडे असं बघत राहिलं तर दोन शब्द सुनावते. आज मी नुसती फडक्याने हात पुसत बसले.

… मग म्हणाले, "कापलीस." म्हटलं, "कापली." … मग काय खोटं बोलू? दार चार इंच लांब झालंय, ते काय त्यांना दिसणार नाही?

… हो, हो, माहितीये, नाही म्हणाले होते. विकून टाकीन पण ग्राइंडर लावू देणार नाही, हेच ना? पण किल्ली तूच दिलीस मला. … नाही गं, तुझं नाव नाही घेतलं. ओळखलंच असेल त्यांनी.

… पत्र्याची असती तर मीही धजले नसते. फायबर आहे म्हणून. कापायचं, काचेच्या धाग्यांच्या चटईचे थर लावायचे, त्यात चिकट रेझिन मुरवायचं, वाळलं की घासत बसायचं. जोड दिसता कामा नये, बस. … हो, पहिल्या वेळी तडकलं होतं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला. … मुद्दामच नाही सांगितलं तुला. बाबांची गाडी, आणि मी तिला भोक पाडून बसलेली. … हो, दुसऱ्यांदा बसलं नीट.

… रंग तोच आहे. डॅशबोर्डखाली ऊन न लागलेला हिरवा होता, त्यावरून जुळवला. … अगं ऐक ना पुढे.

मग खिशातून नाणं काढलं त्यांनी. … वाजवून बघायला. आत थर सुटलेले असले की पोकळ वाजतं. दारापासून सुरुवात केली. डोळे मिटून, टिक टिक, बोट बोट पुढे. माझा सगळा जोड वाजवून झाला. सगळा भरीव. पुढे मडगार्डवर गेले, दिव्याच्या वर, आणि तिथे… ठक. पोकळ.

… मीही वाकून बघितलं. पण मी तिथे हात लावलाच नव्हता. तसं म्हटलंही, बाबा, हे माझं काम नाही. तर म्हणाले, "माहीत आहे. माझं आहे."

… हो, डावं मडगार्ड. फाटकाला घासलं होतं तेच. … तुझ्यावर खापर फुटलं तेच. … आई, नीट ऐक. तू घासलीस ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात बाबांनीच तिथे ठोकली होती. वरवर पुट्टी भरली, रंग मारला आणि गप्प बसले. तुझा नुसता धक्का लागला नि तो सगळा तुकडा गळून पडला. मग पुन्हा घाईघाईत भरला, तो हा असा.

… हो. आज सांगितलं. स्वतःहून. … सव्वीस वर्षं. मला काय विचारतेस, मी तेव्हा तीन वर्षांची होते.

… रडतेस की हसतेस? … दोन्ही कर. थांबते मी.

… विचारलं ना मीही. तर म्हणाले, तू लगेच म्हणालीस ही गाडी मला जमत नाही, पुन्हा हात लावणार नाही. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. … म्हण, काय म्हणायचं ते म्हण, तुझा हक्क आहे. पण आधी हे ऐक. बसले ते.

… आत. गाडीत. मी दार पूर्ण उघडलं. आधी पाठ टेकवली, मग उजवा पाय, मग डावा हाताने उचलून आत घेतला. तसाच ताठ. कुठे घासला नाही. … नाही, धरू दिलं नाही. सर बाजूला, म्हणाले. … दीड वर्षाने, आई. पायाचं ऑपरेशन झाल्यापासून रोजच्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर आडवे पडून दवाखान्यात जाणारा माणूस. कोपर काढून बसलेत खिडकीत. म्हणाले, "दार बरं झालंय."

… एवढंच. बाबांकडून आणखी काय हवं? मी मागे जाऊन तोंड धुऊन आले.

… नाही, विकत नाहीत. गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करून नको सांगितलं.

… अजून आतच आहेत, उतरायला तयार नाहीत. … चालवतील कसे, त्या पायाने क्लच दाबवेल का? शेजारच्या सीटवर आहेत. तेच तर दार कापलं मी. … मी आणते ना मावशीकडे. अर्ध्या तासात पोचतो. पण येताना मी बसने येईन. दोनच सीट आहेत. … परत तूच चालवायची, आई. त्यांनीच विचारायला सांगितलंय. … दवाखान्यात छोटी गाडी कोण नेतं मग? तूच ना?

… देऊ त्यांना फोन? … नको? बरं. … काय? … सांगते. बाबा, आई म्हणते तो पोकळ तुकडा तसाच राहू द्यायचा, भरायचा नाही. … मान डोलावतायत, आई. कबूल आहे.

… हो, सीट पुढे सरकते. दोन खाचा. … आरसाही वळतो. … चपलेने नकोच, पेडल बारीक आहेत. मावशीचे बूट होतील का तुला? … हॅलो? आई?

… ठेवला तिने, बाबा. बूट शोधायला गेली.