आक्काचा एकटीचा फोटो

...अहो, कॅमेऱ्याची बॉडी नवीच होती! हसताय काय? काळी कुळकुळीत, गळ्यात घातली की मान खालीच! तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं फोटोचं दुकान चालवलं मी. आता सून बघते. ती म्हणाली होती, "बाबा, बॉडी जुनीच राहू द्या, लेन्स चांगली घ्या." मी काय म्हणालो? "काल आलीस, मला शिकवतेस?" लोकांना दिसते ती बॉडी, लेन्सला कोण विचारतं? घेतली बॉडी! आणि काच? काच तीच, वीस वर्षांची!

तर आक्का आली. माझी थोरली बहीण, ऐंशीची. "बाळ्या, जन्मभर माझे फोटो काढलेस, पण प्रत्येकात कुणाचं तरी पोर माझ्या कडेवर. जायच्या आधी एक एकटीचा काढ रे..."

बसवली स्टुलावर. काढला. तोंडावर नुसता धूर! म्हटलं, "पावडर फार झाली, तोंड धुऊन ये." आली धुऊन. पुन्हा धूर! "साबण लाव!" मोरी मागे, चार पायऱ्या खाली, तिचे गुडघे हे असे... तीनदा पाठवली हो! तिसऱ्यांदा म्हणाली, "राहू दे बाळ्या, माझं तोंडच आता तसलं झालं असेल." आणि मी... लाज वाटते सांगायला... मी मान डोलावली! नवी बॉडी चुकेल कशी?

सुनेनं लेन्स काढून विजेरीपुढे धरली. आत बुरशी, कोळ्याचं जाळंच जणू! "बाबा, तोंड या लेन्सचं धुवायला हवं होतं." बॉडी नवी, पण काच तीच ना!

मग तिनं जुन्या कॅमेऱ्याला स्वतःची लेन्स लावली, मला ढकललं खिडकीकडे, आणि एकच फोटो. काय सांगू! सुरकुती न् सुरकुती, पापणीचा केस न् केस... चष्म्याच्या भिंगांत खिडकीसुद्धा! आणि खिडकीपुढे एक म्हातारा. गळ्यात बिनकाचेची बॉडी, तोंड वासलेलं.

म्हटलं, "आक्का, दुसरा काढू."

"चौथ्यांदा तोंड धुणार नाही मी!"

लावलाय आता तिच्या भिंतीवर. येणारा-जाणारा वाकून विचारतो, चष्म्यात कोण? जन्मात एकदा एकटीचा फोटो मागितला हो तिनं... त्यातही मी आहेच. दोन भिंगांत, दोनदा.