खिडकीजवळचा बाक

आदरणीय अध्यक्षमहोदय, मुख्य कचेरीहून मुद्दाम आलेले मान्यवर, आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या बाई, आणि या कापडदुकानातल्या माझ्या भावाबहिणींनो,

मी कोपऱ्यात मशीनवर बसणारा शिंपी. दोनच शब्द बोला, असं मला बजावलंय. पण माझं माप जरा सैल असतं, हे गिऱ्हाइकं जाणतात.

बाई इथे आल्या त्या पुडकी बांधायला. मी शाळेतल्या कविता गुणगुणत शिवायचो, आणि ओळ चुकली की पुडक्याला गाठ मारता मारता ही पोर ती दुरुस्त करायची! कुणी थकलेलं दिसलं की हाताला धरून खिडकीजवळच्या बाकावर बसवायची. "बसा आजी, रंग मी इथेच आणून दाखवते." तिथून काउंटर, मग मजला, मग अख्खं दुकान, आणि शेवटी विभागातली सगळी दुकानं बाईंच्या हाती आली.

तेव्हा वरून हुकूम आला, विक्रीची जागा वाढवा. बाईंनी सगळीकडचे बाक काढवले, तिथे कपड्यांचे स्टँड लावले. विक्री वाढली, बढती मिळाली. खोटं कशाला बोलू? टाळ्या आम्हीही वाजवल्या.

नव्या रूपातलं दुकान पाहायला बाईंचे वडील आले. जन्मभर बस चालवलेला माणूस. बाई साहेबलोकांबरोबर होत्या, जिन्यावरूनच म्हणाल्या, "बाबा, पाचच मिनिटं हं!"

मी माझं स्टूल पुढे केलं.

"आणि तुम्ही काय उभ्यानं शिवणार, मास्तर? राहू द्या. जन्मभर बसूनच पोट भरलं, आज लेकीसाठी जरा उभा राहतो."

हसलो आम्ही दोघं. पण एका हातानं त्यांनी स्टँड घट्ट धरला होता. पाच मिनिटं फार लांबली. शेवटी म्हणाले, "तिला सांगा, दुकान झकास झालंय," आणि गेले. महिन्याभरात कायमचेच गेले.

रजेवरून परतल्यावर बाई मशीनपाशी आल्या. "मास्तर, त्या दिवशी बाबा कुठे बसले होते?"

मी त्या स्टँडकडे बोट केलं. शाळेत कविता पाठ होते तेव्हा कळत नाही, आणि कळते तेव्हा गुरुजी नसतात.

त्याच आठवड्यात हा बाक परत आला. मग एकेक करून सगळीकडचे. वर ते पटलं नाही. पत्रं झाली, बैठका झाल्या, आणि निवृत्तीच्या मुदतीआधीच आजचा निरोप समारंभ. निमंत्रणावर 'स्वेच्छेने' असं छापलंय, ते मी वाचलं. पाहुण्यांनी रागावू नये. बाईंना विचारूनच बोलतोय. म्हणाल्या, "सांगा मास्तर. मला सांगवणार नाही."

सोमवारी या बाकाच्या जागी पुन्हा स्टँड लागणार, असं कानावर आलंय. अध्यक्षमहोदय, तो निर्णय आपला. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुठे टाका वाकडा पडला असेल तर उसवून टाका, मनात ठेवू नका.

आता विनंती फक्त बाईंना. हा बाक तुम्ही परत आणलात, पण त्यावर एकदाही तुम्हाला टेकलेलं मी पाहिलं नाही. ती मंचावरची खुर्ची सोडा. या, खिडकीपाशी बसा. अजिबात घाई नाही.

तोवर आम्ही उभे राहतो.