तुझं तू बघ

उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओतल्या बेकारभत्त्याच्या कचेरीत क्लोतिल्देबाई आपल्या क्रमांकाची वाट पाहत ताठ बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर एक वृद्धा आणि तान्ही मुलगी मांडीवर घेतलेली तिची लेक बोलत होत्या; त्यांचा शब्दन् शब्द क्लोतिल्देबाईंच्या कानावर पडत होता.

"भत्ता बंद केला? का ग, ग्रिसेल्दा?"

"लोकरीच्या गिरणीत काम देत होते, मी नाही म्हणाले. काम नाकारलं की भत्ता थांबतो, आई."

"मोठी राणी लागून गेलीस! नाकारलंस कशापायी?"

"हिला कुठे ठेवणार?"

"मी काय मेले होते?"

"तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, माझी पाच मी एकटीनं वाढवली, तुझं तू बघ."

"रागात बोलले ग. पुन्हा विचारायचं होतंस."

"तू पुन्हा बोलवायचं होतंस."

"उद्यापासून आण हिला."

"ते काम दुसरीला दिलं, आई."

मग भोपळ्याच्या पेल्यातल्या येर्बाच्या पाल्यावर थर्मासचे गरम पाणी ओतल्याचा आवाज आला.

"घे, येर्बाचा चहा घे. तुला आवडतो तसा कडू केलाय."

"आभारी आहे, आई."

"पहिल्याच पेल्याला आभार? आभार मानले म्हणजे पेला पुन्हा भरायचा नाही. आणखी नको तुला?"

"नको."

"थर्मास अजून भरलेला आहे ग."