नानी, तुमचा संदर्भ काय?

…तर दोन महिने खपून प्रबंधाची वीस पानं लिहायची, आणि सरांनी पहिल्याच ओळीखाली लाल रेघ मारून विचारायचं, ‘संदर्भ काय?’ आता तुम्हीच सांगा, ओळ कुठली, तर ‘संगीत हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग आहे.’ ह्याला कसला आलाय संदर्भ? पण भवानी पेठेतली हुस्ना, विद्यापीठात एम.ए. संगीतच्या शेवटच्या वर्षाला, पानं गोळा करायला लागली. स्वामी सर म्हणाले, ‘हे सगळेच लिहितात. तुम्ही स्वतः काय ऐकलंय ते लिहा की.’

हुस्नानं ऐकलंय म्हणजे काय, तर लहानपणापासून नानीची हळदीतली गाणी. नानी, म्हणजे सरदारबी, सत्तरी ओलांडलेली, पण तिच्या मांडीवर ढोलक आल्याशिवाय पेठेत कुणाला हळद लागत नाही. गाणी कसली, तर नवऱ्यामुलाच्या आईची चेष्टा, अशी की त्या बाईला हसावं का उठून जावं कळू नये. हुस्नानं लिहिलं, ‘ही गाणी परंपरेने आली आहेत.’ परत लाल रेघ. संदर्भ काय? ‘नानी, सर.’ ‘मग नानीला विचारा. कुठं गायली, कधी, कुणापुढं, ते नोंदवा. हे तुम्ही अंदाजानं लिहिलंय.’

बरं, गेली ही गाणी रेकॉर्ड करायला मोबाईल घेऊन. नानी गाईल तर शपथ. ‘शादी नै, हल्दी नै, किसके वास्ते गाऊं गे?’ हुस्ना म्हणाली, ‘समज, मेरीच शादी है.’ इथं चुकलं. शेजारच्या गोजरबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि तुम्हाला सांगतो, संध्याकाळपर्यंत चार जणी येऊन ‘तारीख कंदी हाय गं?’ विचारून गेल्या… आणि नानी तरी कुठं गायली? दोन ओळींवर थांबली. ‘सास का नाव बोल. नाव के बगैर गाना आगे नै जाता.’

हुस्ना मोबाईल ठेवून वहीच घेऊन बसली. कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी सापडलं होतं जे कुठल्या पुस्तकातून उतरवलेलं नव्हतं. गाण्यात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली, आणि ती भरणारी बाई समोर बसल्याशिवाय गाणं पुरंच होत नाही. मग नानीला खोदून खोदून विचारलं, वीस पानं फाडली आणि अकरा नव्यानं लिहिली.

सादरीकरणाच्या दिवशी नानी पण आली, हट्टानं, मागच्या बाकावर. हुस्नानं सांगितलं चांगलं, पण त्या दोन ओळी ऐकवायची वेळ आली आणि लॅपटॉपमधून आवाजच येईना. ही बटणं दाबतीय, पोरं खुसखुसतायत, आणि सर सवयीनं म्हणाले, ‘जागा रिकामी असते म्हणता. संदर्भ काय?’

हुस्नानं लॅपटॉप मिटला. ‘सर, तुमच्या आईचं नाव काय?’

‘काशम्मा. का हो?’

तिनं नुसतं मागं वळून बघितलं. नानीनं बाकावरच ठेका धरला. काशम्मा मांडवात आली, शेंगाचटणीचा डबा पदराखाली घेतला, आणि निघायच्या गडबडीत नवरामुलगाच मांडवात विसरून गेली… वर्ग नुसता बाकं बडवतोय. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि हुस्नाच्या संदर्भसूचीत पहिलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘सरदारबी, प्रत्यक्ष गायन.’ हुस्ना वर्गात पहिली आली.

इथवर सगळं बरं होतं की हो. पण कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत अक्कलकोटला खुद्द काशम्मांकडं पोचला. बाई चिडल्या नाहीत. निरोप धाडला, ‘त्या बाईला घिऊन ये, मला बी उत्तर द्यायचंय, पन कन्नडात.’ नानी पिशवी भरून तयार. सर म्हणाले, ‘चला, पीएचडीला विषय झाला तुमचा. ते उत्तर समजून मात्र तुमचं तुम्हीच घ्यायचं.’

आणि हुस्नाला कन्नडातलं एक अक्षर येत नाही. तर संगीतात एम.ए. झालेली पोरगी, सध्या घरी बसून कन्नडची मुळाक्षरं गिरवतीय. काय करता.