चार नंबरची हजेरी

दीर : फोन ठेवू नका, वहिनी. चार नंबरच्या मशीनने आज दोन ठिकाणांहून हजेरी दिलीय. एक इथून, ऑफिसातून. दुसरी तुमच्या घरून.

वहिनी : काहीतरी गफलत असेल.

दीर : दोनदा? कॉम्प्युटरात चालणारी आपली सातही व्हर्च्युअल मशिनं दर दहा मिनिटांनी हजेरी देतात. एका नंबरची दोन उत्तरं आली, की तिसऱ्या हजेरीला सुरक्षेचं कुलूप दोन्ही पुसून टाकतं. चोरांसाठी दादानेच लावलंय ते.

वहिनी : ...मीच केली नक्कल. परवा, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. घरी चालू मात्र आज आत्ताच केली.

दीर : वहिनी!

वहिनी : दिवसभर गिऱ्हाइकांशी यांच्या आवाजात बोलतं ते. म्हटलं, दोन शब्द माझ्याही कानावर पडू देत. हे गेल्यापासून घर खायला उठतं हो.

दीर : मला सांगायचं होतंत. आता एक बंद करावंच लागेल, नाहीतर दादाचा आवाजच उरणार नाही. सहा मिनिटं आहेत.

वहिनी : घरचं बंद करते. चोरी ती चोरीच.

दीर : थांबा, आधी खात्री करू. दादाची ताकीद आठवते ना? जागा बघू नका, शब्द ऐका.

वहिनी : 'हाजर'.

दीर : शाळेत मास्तरांनी शंभरदा सुधारलं, पण हा मरेपर्यंत 'हाजर'च म्हणाला. तीच चूक त्याने मूळ मशीनमध्ये गुंफली. नक्कल केली की ती गळून पडते. नक्कल नेहमी शुद्ध बोलते. पुकारा तिकडे, मीही पुकारतो. चार नंबर!

वहिनी : चार नंबर... अहो...

दीर : इकडे 'हजर' म्हणाला. स्पष्ट. तुमच्याकडे?

वहिनी : 'हाजर' म्हणाले हे.

दीर : शक्यच नाही! तुम्ही नक्कल नेलीत. मूळ इथून हललंच नाही.

वहिनी : भाऊजी, हसू नका. रोज ऑफिसातून निघताना त्या मशीनला मी म्हणायची, 'चला ना आता घरी.'

दीर : ...माझ्या अंगावर काटा आलाय.

वहिनी : माझ्या नाही आला. बरं वाटलं. भाऊजी, यांना पुसू नका.

दीर : नाही पुसत. इथलं बंद करतो. पण कळ दाबवत नाहीये, वहिनी. आवाज त्याचाच आहे. मघाशी मला 'धाकट्या' म्हणाला.

वहिनी : वेळ किती उरला?

दीर : एक मिनिट.

वहिनी : मग करा. मी आहे फोनवर.

(कळ दाबल्याचा आवाज. मग कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर मंदावते.)

वहिनी : झालं?

दीर : झालं.

वहिनी : काही बोलले का ते?

दीर : बंद होताना बोलला. या वेळी 'हजर' नाही म्हणाला.

वहिनी : मग काय म्हणाले?

दीर : 'येतो' म्हणाला.