कोरे गोल

(डोळखांबजवळचा पाडा, २००२ सालचा नोव्हेंबर. दिवेलागण. सोमा आणि त्याची लेक पौर्णिमा ठाण्याहून एमबीएची प्रवेश परीक्षा आटोपून नुकतेच घरात शिरलेत. चंद्राबाई चुलीपुढे.)

चंद्राबाई : तुझे बाबा असे फुगून का आले? भांडलात काय गो वाटेत?

पौर्णिमा : भांडण नाय गं आई. पेपर कसा गेला ते सांगितलं, तेव्हापासून बाबा गप. आटगावला उतरून जीपमध्ये पण लांब बसले.

चंद्राबाई : असं काय सांगितलंस?

सोमा : मी सांगतो. पेपर कोरा देऊन आली तुझी लेक.

पौर्णिमा : कोरा नाय, बाबा. निम्म्याच्या वर सोडवलाय.

सोमा : म्हंजे बाकीच्याला हातच लावला नाय. परीक्षेच्या गेटवर एक चष्मेवाला पोरगा त्याच्या बापाला सांगत होता, सगळे केले, एक पण नाय सोडला. त्याचा बाप हसत गेला. मी दिवसभर कंपाउंडपाशी बसून काय ऐकलं? सोडून दिले!

चंद्राबाई : अगो, येत नव्हते तर काहीतरी लिवायचं. लिवायला कोण नको बोलतं?

पौर्णिमा : लिहायचं नसतंच यात. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात. खरं वाटेल त्याचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. बरोबर आलं तर एक मार्क. चुकलं तर मिळालेल्यातला अर्धा मार्क कापतात. आणि नाय भरला गोल, तर काय देत नाय, काय घेत पण नाय.

चंद्राबाई : आपलेच मिळालेले कापतात? हा कुठला न्याय?

सोमा : न्याय गेला खड्ड्यात. मला शिकवू नका तुमी. रात्रशाळेतनं दहावीला दोनदा नापास झालो मी. तिसऱ्या खेपेला गोजर मास्तर बोलले, सोमा, कोऱ्या कागदाला देव पण मार्क देत नाय, काय येतं ते लिव. इतिहासात काय पण विचारू दे, मी महाडचं चवदार तळं लिवून आलो. पस्तीस मिळाले. म्हणून आज पंचायत समितीत शिपाई आहे, नायतर अजून दुसऱ्याच्या भातखाचरात वाकलेला असतो.

पौर्णिमा : माहीत आहे, बाबा. लहानपणापासून ऐकते.

सोमा : ऐकतेस, मग केलं का नाय? सकाळी गेटवर सांगितलं ना मी? सगळं भर. हो बोललीस तू.

चंद्राबाई : हळू बोला. शेजारी भाताची झोडणी चालू आहे, अख्खा पाडा ऐकेल. आणि दुपारी कुंडलिकभावजी येऊन गेले. पौर्णिमेच्या नोकरीसाठी त्यांनी शब्द टाकलाय ना, ते मुरबाडच्या कारखान्यातले साहेब थांबायला तयार नाय. सकाळी हो का नाय ते कळवायचं, नायतर हापिसातली जागा दुसरीला देतील.

सोमा : हो सांग. ठरलंच होतं आपलं, ही शेवटची खेप. नाय झालं तर कारखाना.

पौर्णिमा : निकाल जानेवारीत आहे. आत्ताच नाय झालं असं कसं धरता?

सोमा : कोऱ्या पेपरचा निकाल आजच लागतो. आणि एकदा हो बोललो की मागं फिरायचं नाय. कुंडलिकाची मान खाली जाईल.

चंद्राबाई : पोरी, तू खरं सांग मला. घाबरलीस काय आत?

पौर्णिमा : घाबरले ना. गणित उघडलं तर इतकं अवघड. मी तिथंच अडकून बसले असते तर इंग्रजी राहिलं असतं, आणि प्रत्येक भागात पास व्हावं लागतं. म्हणून आधी येत होते तेवढे केले. मग चारातली दोन उत्तरं नक्की चूक आहेत असं जिथं दिसलं, तिथं धोका घेतला. बाकीचे सोडले. मला अवघड म्हणजे सगळ्यांनाच अवघड, सगळ्यांचेच मार्क खाली येणार, असं धरून चालले मी.

सोमा : आणि तसं नाय झालं तर?

पौर्णिमा : तर मी बुडाले. ते मला पण माहीत आहे, बाबा.

सोमा : गेल्या वर्षी तरी सगळं भरून आलेलीस.

पौर्णिमा : हो.

सोमा : तवा बरं होतं.

पौर्णिमा : तेव्हाच गेलं माझं.

सोमा : गेल्या वर्षीचा पेपरच वाईट होता बोललीस तू.

पौर्णिमा : पेपर सोपा होता. शेवटची दहा मिनिटं उरलेली, बरेच गोल रिकामे होते. तुमचं गेटवरचं बोलणं आठवलं. हात थांबेना. प्रश्न न वाचता भरत सुटले. आधीचं कमावलेलं बरंच त्यात कापून गेलं. थोडक्यात राहिलं, बाबा. फार थोडक्यात.

चंद्राबाई : वर्षभर बोलली नाय गो कोणाला?

पौर्णिमा : काय बोलू? बाबा दिवसभर उन्हात बसलेले माझ्यासाठी.

सोमा : मग आज सकाळी हो का बोललीस?

पौर्णिमा : बाहेर बसून दिवसभर तुमच्या जिवाला घोर नको म्हणून.

चंद्राबाई : अहो, पाणी देऊ का?

सोमा : नको. पौर्णिमे, ते रिकामे गोल कोण बघतं? मास्तर?

पौर्णिमा : मास्तर नाय, मशीन तपासतं.

सोमा : मशीनला कळतं का, हिला येत नव्हतं का हिनं मुद्दाम सोडलं?

पौर्णिमा : नाय कळत. ते पुढच्या गोलाकडं जातं.

सोमा : आणि सोडताना तुला कसं वाटलं?

पौर्णिमा : हात सारखा भरायलाच बघत होता. शेवटी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

सोमा : जेव आता. सकाळपासून चहावर आहेस.

चंद्राबाई : वाढते. पण सकाळी भावजी दारात येतील, त्यांना हो सांगू का नाय?

सोमा : त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाय.

चंद्राबाई : अहो, दुसरीला देतील जागा.

सोमा : देऊ देत. तेवढं कोरं ठेव.